एक कोपरा वाकलेली चांदणी

फिलू,

माझ्या डाव्या भुवईवर तीन टाके पडलेत. डोळा जांभळा झालाय, पिकल्या जांभळासारखा. तू असतीस तर आधी पोट धरून हसली असतीस आणि म्हणाली असतीस, "शोभतंय गो पारू, आता कुठं माझी शेजारीण दिसतेस." टाक्यांची गोष्ट सांगते तुला, सगळी सांगते. पण त्याआधी भांडायचं आहे, कारण आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू उठून गेलीस. नवऱ्याचा मार अर्ध्यावर टाकून कधी गेली नाहीस, माझं भांडण बरं टाकलंस.

त्या दुपारी तू ओट्याशी उभी होतीस. दोन्ही हात परातीत. नाताळच्या बिस्किटांसाठी साखर-तूप फेसत होतीस, तळव्यानं, गोल गोल, तूप पांढरं शुभ्र होईपर्यंत. मी पाटावर बसून जायफळ किसत होते. एवढंच काम तू मला द्यायचीस. पीठ मळू दिलं नाहीस कधी, कोळणीच्या हाताला वास येतो म्हणून. हात फिरवता फिरवता तू म्हणालीस,

"नऊ नंबरची पोर दार अर्धंच उघडते."

"थंडी वाजत असेल."

"नव्या मुंबईत थंडी? मला येडी समजतेस काय? काल दुधाची पिशवी डाव्या हातानं घेतलीन. उजवा हात वर उचलतच नाय. वढनी पार मनगटापर्यंत गुंडाळलेली."

"नवरा तर सोन्यासारखा हाय तिचा. महाप्याला कंप्युटरच्या कंपनीत हाय. मला रोज गुड मॉर्निंग म्हनतो."

"माझा आंतोन पन फादरला रोज गुड मॉर्निंग म्हनायचा," तू म्हणालीस, आणि परातीत अशी काही हाताची मूठ आपटलीस की तुपाचा शिंतोडा माझ्या चष्म्यावर उडाला. "या नाताळला मी तिच्या दारात ताट घेऊन उभी ऱ्हानार. ती बाहेर येईपर्यंत हलनार नाय."

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "फिलू, आता आपन गुडघे धरून उठतो. परक्याच्या घरात कशाला पडतेस?"

तू हात थांबवलेस. माझ्याकडं असं बघितलंस, की त्यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडली असती. "परक्याच्या?" म्हणालीस. "पारू, तू अजून तिथंच हायस?"

मी किसणी टाकली आणि दार आपटून घरी आले.

आपली रोजची खूण होती. सकाळी उठले की मी मधल्या भिंतीवर दोन ठोके द्यायची, पलीकडून तुझे दोन ठोके यायचे, की चहा टाकायचा. तीन सकाळी मी ठोके दिले नाहीत. मुद्दाम. बसू दे म्हटलं भिंतीकडं बघत. चौथ्या दिवशी मलाच राहवेना. दोन ठोके दिले. उत्तर नाही. म्हटलं, आता ही रुसली. बत्ता घेतला आणि बत्त्यानं ठोकलं. तेव्हा पलीकडून आंतोनचा आवाज आला. अर्धांगवायूनं जीभ गेलेला माणूस जसा ओरडेल तसा, जनावरासारखा. माझ्याकडं तुझ्या घराची किल्ली होती, किती वर्षांपासून होती ते तुला ठाऊक आहे. मी दार उघडलं. तू ओट्याखाली पडली होतीस, मनगटापर्यंत मैदा लागलेले हात पुढं टाकून. मी हात धरला. पीठ कोरडं होतं, हात थंड होता.

डॉक्टरांनी लिहिलं, बीपी, मेंदूतली शीर फुटली. पोरगाच होता तो, माझ्या नातवाच्या वयाचा. मी त्याला विचारलं, "बाळा, बाईचं डोकं किती वेळा भिंतीवर आपटलं म्हणजे शीर फुटते?" तो गडबडला. म्हणाला, "आजी, तसं काही सांगता येत नाही." तुझी लेक लीना माझा हात दाबत होती, मावशी नको, मावशी नको. मी गप्प बसले. गप्प बसायची सवय आहेच मला.

पण दफनभूमीत मात्र माझी सहनशक्ती संपली होती. तुझी पेटी खाली सोडली, फादर बोलले, सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. आणि आपले शिंदेकाका, सात नंबरवाले, हात झटकत म्हणाले, "भाग्यवान हो. सणाच्या तोंडावर झटक्यात गेली. काही त्रास नाही झाला."

त्रास नाही झाला! फिलू, मला वाटलं, हातातली माती त्या माणसाच्या तोंडात कोंबावी. घशापर्यंत. तुझी एक भिंत माझ्या घराला, दुसरी शिंद्यांच्या घराला. तुझं डोकं ज्या भिंतीवर आपटायचं, तिच्या पलीकडं त्यांचा टीव्ही असायचा. आवाज कोण वाढवायचं?

माती मी तुझ्यावर टाकली आणि घरी आले. कारण त्यांच्या तोंडात माती कोंबायची तर आधी माझ्या तोंडात कोंबावी लागली असती.

पहिला नाताळ आठव. आपण दोघी या बैठ्या घरांच्या गल्लीत नव्या. मी खाडीकाठच्या गावातून आलेली, वाशीच्या मार्केटात मासळीची पाटी घेऊन बसायची. तू नवीन लग्नाची, आंतोन पावणे गावच्या कारखान्यात. ओव्हन नव्हता तुझ्याकडं. टोपात वाळू घालून, वर झाकण ठेवून बिस्किटं भाजली होतीस. संध्याकाळी माझ्या दारात आलीस, स्टीलचं ताट, त्यावर विणलेला रुमाल. "नाताळची बिस्किटं," म्हणालीस. मी खूश. आमच्या गावात शेजारणीचं ताट रिकामं परत पाठवत नाहीत. मी म्हटलं, "थांब गो." आत पळाले, बिस्किटं डब्यात ओतली, ताट धुतलं, पुसलं, साखर भरून तुझ्या हातात दिलं. तू हललीच नाहीस. मला वाटलं, साखर कमी पडली. पुन्हा आत गेले, एक नारळ आणून साखरेवर ठेवला. तरी तू उभी. मी हसून म्हटलं, "काय गो, आता घरदार देऊ काय?"

तूपण हसलीस. तोंडाच्या एकाच बाजूनं. आणि वळून गेलीस, साखर आणि नारळ घेऊन.

अर्ध्या तासानं भिंतीतून पहिला आवाज आला. ताट पडल्याचा. मग नारळ घरंगळल्याचा. मग तो. तुझा आवाज नव्हताच, तोच ओरडत होता, जसं काही त्यालाच मार पडत होता. आमचे हे कूस बदलून म्हणाले, दुसऱ्याच्या घरचं आहे. मी म्हटलं, हो. आणि तुझं बिस्किट खाल्लं. फार छान झालं होतं.

मग वर्षं गेली. आता वाटतं, कशी गेली? आवाजाची एक रीत ठरून गेली होती. आधी भांडं, मग पाट, मग भिंत. एका पावसाळ्यात तुझा जबडा सरकला. तीन आठवडे तू पेज पीत होतीस, आणि गल्लीत सांगत होतीस की दाढ काढली. एकदा करंगळी मोडली. ती वाकडीच राहिली. त्याच करंगळीनं तू बिस्किटावर खाच पाडायचीस आणि लोक म्हणायचे, किती नाजूक काम. आणि दर नाताळला ताट यायचंच. अकरा घरं, अकरा ताटं. आंतोन तुला एरवी नळापर्यंत एकटी सोडायचा नाही. पण ताटं वाटायला सोडायचा, कारण ताटांमुळं त्याची इज्जत वाढायची. वर्षातून एक संध्याकाळ तू या गल्लीत मोकळी चालायचीस, हातात ताट घेऊन. हे माझ्या लक्षात यायला मला केवढी वर्षं लागली.

आणि ती बिस्किटं कापायची चांदणी. ती आंतोननंच बनवली होती ना? कारखान्यात, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, कडा घासून, पाच कोपरे सारखे मोजून. लीना पोटात होती तेव्हा. तू मला किती कौतुकानं दाखवलीस, "बघ, हातात कला हाय त्याच्या." खरंच होती. त्याच हातात.

तीच चांदणी त्यानं तुझ्या तोंडावर फेकून मारली तो दिवस. नाताळचा आदला दिवस, दुपार. मी मार्केटातून नुकतीच आले होते, पाटी उतरवत होते. भिंतीतून आवाज आला आणि त्या दिवशी पहिल्यांदा तू ओरडलीस. मला काय झालं कळलं नाही. रावसाचे खवले चिकटलेला कोयता हातात होता, तसाच घेऊन मी तुझ्या घरात घुसले. तुझ्या कपाळातून रक्त येत होतं, पिठात ठिबकत होतं, आणि तू काय करत होतीस? रक्त लागलेलं पीठ चमच्यानं काढून बाजूला ठेवत होतीस, बाकीचं वाया जाऊ नये म्हणून. मी आंतोनची कॉलर धरली, त्याला कपाटावर आपटला आणि कोयता गळ्याला लावला.

"आंतोन्या," मी म्हटलं, "सकालपासून या कोयत्यानं रावसांची मुंडकी उतरवलीत. तुझी मान त्यांच्यापेक्षा बारीक हाय."

त्याची पँट ओली झाली. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मी तो कोयता ओढणार होते. हातात तेवढं बळ होतं आणि मनात त्यापेक्षा जास्त होतं. मला आजपण स्वप्न पडतं की मी ओढला.

आणि तू मला मारलंस. मला! अशी सणसणीत थोबाडीत, की कानातलं कुडकं उडून ओट्याखाली गेलं. माझा हात खाली आला. लीना दारात उभी, पाच वर्षांची, टकामका बघत. तू मला ढकलत ढकलत गल्लीत आणलंस आणि तोंडाजवळ तोंड आणून म्हणालीस,

"आज कोयता घेऊन आलीस? आज? त्याला मारशील, तू जेलात जाशील, मी कुठं जाऊ? पारू, मला कोयता नको होता. पयल्या नाताळला मी तुझ्या दारात उभी होते. मला फक्त आत ये म्हनायला पायजे होतं कोनी. तू मला साखर दिलीस."

फिलू, मला आयुष्यात बऱ्याच जणांनी मारलं. बापानं, मास्तरानं, एकदा एका गिऱ्हाईकानं तराजूनं. कुठलाच मार इतका आतपर्यंत गेला नाही.

त्यानंतर वर्षभर आपण बोललो नाही. तू रागानं आणि मी लाजेनं. पण त्या संध्याकाळीसुद्धा लीनाच्या हातून ताट आलं. मी रुमाल बाजूला केला. सगळ्या चांदण्यांचा एक कोपरा वाकलेला. तुझ्या कपाळावर आपटून पत्रा वाकला होता, आणि तू तसाच वापरला होतास. सगळ्या गल्लीनं ती बिस्किटं खाल्ली. कोणीतरी नळावर म्हणालंसुद्धा, "या वर्षी डिझाइन वेगळं हाय, छान हाय."

वर्षानं मी माझ्या घराची किल्ली करून आणली आणि काही न बोलता तुझ्या ओट्यावर ठेवली. तू ती उचललीस, पदराला बांधलीस, आणि तुझ्या घराची किल्ली माझ्या हातात दिलीस. मग म्हणालीस, "हाताचा वास गेला काय? मग जायफळ कीस."

त्यानंतर तू किती वेळा लीनाला घेऊन माझ्याकडं आलीस, मी मोजलं नाही. पण दर सकाळी तू परत जायचीस, आणि त्यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायची, "लाथ मार नि ये." तू म्हणायचीस, "घर माझं हाय. ओव्हन माझा हाय. मी कशाला जाऊ? तो जाऊ दे." तो गोल ओव्हन तू शिवणकाम करून घेतला होतास. मला तेव्हा तो हट्ट वाटायचा. आता कधी वाटतं, बरोबर होती. कधी वाटतं, माझ्याकडंच राहिली असतीस तर आज भिंतीवर दोन ठोके दिले असतेस. बघ, अजून भांडतेच आहे.

मग देवानं त्याची उजवी बाजू नेली. मारायचा हात. मी तर पेढे वाटायच्या तयारीत होते. आणि तू? तू त्याला भरवायला लागलीस, पुसायला लागलीस. मी तुला म्हटलं, "लाज नाय वाटत?" तू म्हणालीस, "त्याची वाटते." बस्, एवढंच.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, ती आता सांगते. एका सकाळी मी तुझ्या खिडकीतून पाहिलं. तू त्याला नाचणीची पेज भरवत होतीस आणि त्यानं ती तुझ्या अंगावर थुंकली. तू वाटी खाली ठेवलीस. पदर खोचलास. आणि त्याच्या थोबाडीत मारलीस. एक. मग दुसरी. चार मारल्यास, मोजून, घाई न करता, जसं पीठ थापटतात तसं. मग त्याचं तोंड पुसलंस आणि पुन्हा वाटी उचललीस. मी खिडकीखाली बसले, फिलू, आणि तोंडात पदर कोंबून हसले. मग रडले. हे पाप असेल तर तुझ्या फादरला विचारून घे, आता तुझं वर सगळ्यांशी बोलणं होत असेल.

तर, पीठ. तुला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी लीनानं फ्रिज उघडला. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पिठाचा गोळा, त्या दुपारचा, त्यात माझं जायफळ. पोर फ्रिजचं दार धरून खाली बसली. मी म्हटलं, "उठ. आज चोवीस तारीख हाय. ताटं जायाला पायजेत."

"मावशी, मला नाही जमणार."

"मला जमेल. तू ओव्हन लाव."

मी हात धुतले. लिंबानं, मग बेसनानं, मग पुन्हा लिंबानं. इतकी वर्षं तू शिवू दिलं नाहीस, शेवटी मीच लाटलं तुझं पीठ. वाकल्या कोपऱ्याची चांदणी घेतली आणि कापायला बसले. तो कोपरा पिठातून सुटत नाही ग! तू कसं सोडवायचीस? मग लीनानं दाखवलं, करंगळीनं. वास आला आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघितलं नाही.

आणि ताटं भरता भरता माझं डोकं फिरलं. म्हटलं, झटक्यात गेली म्हणतात काय? त्रास नाही झाला म्हणतात? बरं. प्रत्येक दारात मी ताट द्यायची आणि एकच वाक्य बोलायची. "फिलूची शेवटची बिस्किटं. भिंतीतून आवाज यायचे ते आठवतात ना? मलापन आठवतात. खा आता."

पहिलं दार शिंद्यांचं. काका चिडले. "पारूबाई, सणासुदीला असं काय बोलता?"

"सनासुदीलाच मार खायची ती," मी म्हटलं.

मागून शिंदेवहिनी आल्या, त्यांनी ताट घेतलं. म्हणाल्या, "यांना नका बोलू. टीव्ही मी मोठा करायचे. मला ते ऐकवत नव्हतं." एवढं बोलून दारातच मटकन बसल्या. मी थांबले नाही. पुढचं दार. रझियाआपा. तिनं वाक्य ऐकलं, एक चांदणी उचलली, डोळ्यांना लावली. "मी खिडकी लावून घ्यायचे पारू," म्हणाली. "पोरं उठायची ना. खिडकी लावायला हात जायचा तेवढा, दार उघडायला नाही गेला." एका घरानं ताट न घेताच दार लावलं. मी ताट त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आले. कावळ्यांनी खाल्लं तरी चालेल, पण उंबऱ्यावर राहू दे.

नऊ नंबरला त्यानंच दार उघडलं. तो सोन्यासारखा. "ओह, मावशी, मेरी ख्रिसमस! आंटींचं ऐकून खूप वाईट वाटलं." त्याच्यामागं ती, अश्विनी. घरात असून पूर्ण बाह्यांचा झगा. तिथं मी वाक्य बोलले नाही. मी तुझ्यासारखी उभी राहिले. हललेच नाही.

"आणखी काही, मावशी?"

"ताट परत पायजे."

"हो हो, सकाळी जाताना देतो मी."

"तू नको बाबा. मेलेल्या बाईचं ताट हाय. पुरुषानं परत करायचं नसतं. घरच्या बाईनं आनून द्यायचं, एकटीनं, सन उलटायच्या आत. नायतर..."

"नाहीतर काय?"

"नायतर घराला लागतं."

कंप्युटरवाला, पण चेहरा उतरला त्याचा. फिलू, अशी रीत कुठंच नाही. ना तुमच्यात, ना आमच्यात. पाहिजे तशी रीत बनवायला बाईला म्हातारं व्हावं लागतं, हे मला त्या दारात कळलं. त्याच्या खांद्यावरून अश्विनी माझ्याकडं बघत होती, आणि मला पहिला नाताळ दिसत होता.

शेवटी तुझ्या घरी आले. करपलेल्या चांदण्या बाजूला ठेवल्या होत्या, आंतोनला करपलेलीच आवडतात ना. लीना आत जाईना. मी ताट त्याच्या छातीवर ठेवलं आणि माझं वाक्य म्हटलं. तो छताकडं बघत राहिला. मी एक चांदणी त्याच्या डाव्या हातात दिली. त्यानं अंगठा कडेवरून फिरवला, एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा, आणि वाकलेल्या कोपऱ्यावर येऊन थांबला. तिथून अंगठा हलेना. डोळ्यांतून पाणी कानात गेलं. मी पुसलं नाही. मग चांदणी दुधात कुस्करली आणि भरवली त्याला. लीना दारातून म्हणाली, "माफ केलंस मावशी?" मी म्हटलं, "नाय गो. तुझ्या आयचं ताट गल्लीतल्या सगल्या घरात जातं. हे पन गल्लीतलं घर हाय."

आता टाके.

परवा भरदुपारी अश्विनी आली, तुझं ताट घेऊन, चप्पल न घालता. मी तिला घरात घेतलं, बाही वर केली. फिलू, तुला दिसलं होतं त्यापेक्षा वाईट होतं. मी काही विचारलं नाही. माझ्या खाटेवर झोपवलं. चार वाजता तो आला. आधी टकटक. "मावशी, अश्विनी आहे का?" मग जोरात. मग लाथा. कोयता मोरीत होता. आईशपथ, माझा हात मोरीकडं गेला. मग तुझी थोबाडीत आठवली, कान गरम झाला. कोयता तिथंच ठेवला. दार उघडलं आणि चौकटीच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून उभी राहिले.

"बाजूला व्हा."

"नाय."

"हे आमचं घरगुती मॅटर आहे."

"नाय."

त्यानं मला ढकललं. भुवई कडीवर आपटली, डोळ्यात रक्त उतरलं, मला दिसेना. पण हात सोडले नाहीत. आणि तेव्हा, फिलू, मला एक आवाज ऐकू आला. म्हणजे आवाज बंद झाल्याचा. शिंद्यांचा टीव्ही बंद झाला. मग कडी वाजली. मग दुसरी. शिंदेवहिनी लाटणं घेऊन आल्या. रझियाआपा अनवाणी आली. तो पुन्हा म्हणाला, घरगुती मॅटर आहे, तर आपा त्याच्या छातीवर बोट टोचून म्हणाली, "हो, आमच्याच घरातलं. बोल काय ते." काका मागं उभे राहून फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होते. तीन वेळा चुकीचा सांगितला घाबरून, चौथ्यांदा बरोबर सांगितला. गल्लीनं त्याला हात लावला नाही. फक्त त्याच्याभोवती उभी राहिली. तेवढ्यानं तो आक्रसला, मीठ पडलेल्या गोगलगायीसारखा.

काल अश्विनीचा भाऊ आला. पोलिसात तक्रार लिहून झाली. जाताना तिनं माझ्या टाक्यांना हात लावला आणि विचारलं, "मावशी, ती रीत खरी होती का हो?" मी म्हटलं, "आतापास्नं खरी."

फिलू, तुझे उपकार कुठल्या तोंडानं मानू? ज्या थोबाडीतल्या मारानं मी इतकी वर्षं जळत होते, त्यानंच मला परवा शहाणं केलं. तुझं भांडण तूच जिंकलंस, मी कबूल करते. पण जिंकून लगेच निघून जायचं? तीन दिवस मी ठोके दिले नाहीत, तू त्यांची वाट बघत होतीस का, याचं उत्तर मला कोण देणार? आता सकाळी मी भिंतीवर हात ठेवते नुसता. ठोकत नाही. पलीकडं लीना आहे, तिला वाटेल मी तिच्या आईला हाक मारतेय.

उद्या चर्चमध्ये तुझ्या नावाची मिस्सा आहे. येते मी, या डोळ्यानं. बघू दे सगळ्यांना.

एक सांगायचं राहिलं. मी तुला म्हटलं ना, अश्विनी आली आणि मी तिला घरात घेतलं. खोटं नाही, पण मधलं गाळलं. ती दारात उभी राहिली, ताट पुढं केलं, म्हणाली, "मावशी, ताट रिकामंच आणलंय." आणि फिलू, माझा हात आपोआप साखरेच्या डब्याकडं गेला. इतक्या वर्षांनी, सगळं कळून, सगळ्या गल्लीला वाक्य ऐकवून, माझा हात पुन्हा साखरेच्या डब्याकडंच गेला. झाकण निघालंसुद्धा. पोर उभी होती, तशीच, तुझ्यासारखी.

मी झाकण लावलं. म्हटलं, "आत ये."